‘प्लुइत’: लॅटिनमध्ये पाऊस कसा पडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅटिन नव्यानं शिकणारे, भाषाशास्त्राच्या परीक्षेला बसणारे आणि चर्चच्या जुन्या गीतात एखादा शब्द अडलेले, असे तिन्ही प्रकारचे वाचक या एका क्रियापदाबद्दल पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांचे प्रश्न इथे सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत. लॅटिन शब्द देवनागरीत लिहिले असून सोयीसाठी शेवटच्या अक्षराचा पाय मोडलेला नाही. ‘प्लुइत’मधला ‘त’ मात्र पाय मोडल्यासारखाच उच्चारायचा.

१. ‘प्लुइत’ म्हणजे नेमकं काय?

‘पाऊस पडतो’ किंवा ‘पाऊस पडतोय’. मराठीत यासाठी नाम आणि क्रियापद असे दोन शब्द लागतात, लॅटिनमध्ये एकटं क्रियापद पुरतं. उच्चारात ‘प्लु’ आखूड, आघात त्याच्यावर, ‘इत’ हलकं. हे तृतीय पुरुषी एकवचन आहे आणि अभिजात लॅटिनमध्ये क्रियापद बहुतेक याच पुरुषात, याच वचनात सापडतं. पावसासाठी नामंही आहेत. ‘प्लुविआ’ हे याच क्रियापदाच्या घराण्यातलं, तर ‘इंबेर’ म्हणजे जोराची सर. हा ‘इंबेर’ संस्कृत ‘अभ्र’चा नातलग.

२. वाक्यात कर्ता कुठे आहे? शिक्षक म्हणतात ‘नाहीच’. असं कसं चालेल?

चालतं, आणि मराठी माणसाला यात अवघड वाटण्याचं कारण नाही. शाळेत ‘भावकर्तृक क्रियापद’ शिकलेलं आठवा: ‘उजाडलं’, ‘सांजावलं’, ‘मला मळमळतं’, ‘सकाळपासून नुसतं गडगडतंय’. कोण उजाडलं? कोण गडगडतंय? उत्तर नाही. क्रियेचा भाव हाच कर्ता मानायचा, असं आपलं व्याकरण सांगतं. ‘प्लुइत’ याच जातीचं आहे.

घोळ होतो तो पाठ्यपुस्तकं इंग्रजीतून वाचल्यामुळे. इंग्रजीला रिकाम्या जागी ‘इट’ बसवावं लागतं, जर्मनला ‘एस’, फ्रेंचला ‘इल’. मग विद्यार्थी लॅटिनमध्येही तो ‘इट’ शोधत बसतो. शोधू नका. ‘प्लुइत’ समजून घ्यायला ‘पाऊस पडतो’ हे मराठी वाक्यसुद्धा फारसं कामाचं नाही, कारण त्यात ‘पाऊस’ हा सरळ कर्ता आहे. ‘बाहेर भुरभुरतंय’ हे वाक्य डोळ्यांसमोर ठेवा.

३. पण ‘लूकेस्कित होक’ असं वाचलं. हा ‘होक’ म्हणजे इंग्रजीचा ‘इट’च ना?

चांगला प्रश्न. ‘होक’ म्हणजे ‘हे’. प्लाउतुस आणि तेरेंतिउस या जुन्या नाटककारांची पात्रं ‘लूकेस्कित होक याम’ म्हणतात, म्हणजे ‘उजाडायला लागलं हे’. इथला ‘होक’ रिकामा नाही. बोलणारा वर आकाशाकडे बोट दाखवून बोलतो असं सहसा समजतात. तो सक्तीचाही नाही, काढून टाकला तरी वाक्य पुरं राहतं. इंग्रजीचा ‘इट’ काढून पाहा, वाक्य कोसळतं.

४. सगळी रूपं एकदा सांगा.

हे तिसऱ्या गणाचं क्रियापद आहे (लॅटिन क्रियापदांचे, रूपं कशी चालतात त्यावरून, चार गण पाडतात). वर्तमान ‘प्लुइत’, अपूर्ण भूत ‘प्लुएबात’ (पाऊस पडत होता), भविष्य ‘प्लुएत’ (पडेल), पूर्ण भूत ‘प्लुइत’ किंवा ‘प्लूवित’ (पडला), त्याआधीचा भूत ‘प्लूवेरात’ (पडला होता). इच्छा किंवा शक्यता दाखवायची तर ‘प्लुआत’ (पडो, पडावा). धातुरूप, म्हणजे काळ आणि पुरुष न दाखवणारं रूप, ‘प्लुएरे’ (पाऊस पडणे).

परीक्षेत हमखास होणाऱ्या चुका दोन. भविष्यकाळ ‘प्लुएबित’ लिहितात, तो ‘प्लुएत’ हवा. आणि ‘प्लुइत’मधला ‘इ’ बघून क्रियापद चौथ्या गणाचं समजतात आणि ‘प्लुइरे’ लिहून मोकळे होतात.

‘प्लूवेरात’ प्रत्यक्ष वापरात पाहायचं असेल तर प्लाउतुसच्या ‘मेनेख्मी’ या नाटकाची प्रस्तावना काढा. एक व्यापारी गावाकडे निघालेला असतो, ‘उत मुल्तुम प्लूवेरात’, म्हणजे पाऊस रग्गड झालेला असतो, आणि तो फुगलेल्या नदीत पाय घालतो. पुढे काय होतं ते सांगायला नको.

५. वर्तमानकाळही ‘प्लुइत’ आणि भूतकाळही ‘प्लुइत’. ओळखायचं कसं?

लिहिलेल्यावरून ओळखता येत नाही, संदर्भच बघावा लागतो. हा प्रश्न रोमनांनाही पडला होता. इसवीसनपूर्व 116 ते 27 या काळातला पंडित वॅरो लॅटिन भाषेवरच्या आपल्या ग्रंथात सांगतो की भूतकाळात ‘उ’ दीर्घ म्हणतात आणि वर्तमानात ऱ्हस्व. म्हणजे पडला तो ‘प्लूइत’, पडतो तो ‘प्लुइत’. पुढे हा फरक बुजत गेला. जुनं ‘प्लूवित’ काही लेखकांनी टिकवलं ते बरंच झालं, त्यात गोंधळाला जागाच नाही.

आता रोमन कवी व्हर्जिलच्या नावावर सांगितली जाणारी एक प्रसिद्ध ओळ घ्या: ‘नोक्ते प्लुइत तोता, रेदेउंत स्पेक्ताकुला माने’. रात्रभर पाऊस, सकाळी खेळतमाशे परत सुरू. पुढच्या ओळीत कवी म्हणतो की रोमनांचा देवराज जुपिटर आणि सीझर यांनी राज्य आपसात वाटून घेतलंय. इथे ‘पडतो’ की ‘पडला’? वृत्तात ‘प्लु’ लघू बसतो आणि पुढचं ‘रेदेउंत’ (परततात) वर्तमानात आहे. वॅरोच्या हिशेबानं हा वर्तमानकाळ. मराठीत मात्र आपण ‘रात्रभर पाऊस पडला’ असंच म्हणू, आणि ते भाषांतर चूक नाही.

६. शब्दकोशात ‘प्लुओ’ दिलंय. म्हणजे ‘मी पाऊस पडतो’?

लॅटिन कोशांत क्रियापद प्रथम पुरुषी एकवचनात देण्याची पद्धत आहे, म्हणून ‘प्लुओ’. माणसाच्या तोंडी हे रूप शोभणार नाही. काही कोशकार म्हणूनच थेट ‘प्लुइत’खाली नोंद करतात. तरीही ‘मी’ म्हणून हे क्रियापद वापरणारा एक बोलणारा आहे. त्याच्यासाठी प्रश्न १२ पाहा.

७. याचा संस्कृतशी संबंध आहे म्हणतात. खरं की ओढूनताणून?

खरं आहे, भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे. मूळ भारोपीय (संस्कृत, लॅटिन, ग्रीक यांच्या समाईक पूर्वज भाषेतल्या) धातूचा अर्थ ‘वाहणे, तरंगणे, पोहणे’. संस्कृतात तो ‘प्लु’ झाला: ‘प्लवते’ म्हणजे तरंगतो, उडी मारतो, आणि ‘प्लव’ म्हणजे तराफा. ग्रीकमध्ये त्यापासून जहाजानं जाणे आणि कपडे धुणे या अर्थांची क्रियापदं निघाली, लिथुएनियनमध्येही धुण्याचं. पाण्याशी निगडित सगळ्या कामांतून लॅटिननं मात्र एकच निवडलं, वरून पडणारं पाणी.

मराठीत हा धातू रोज डोळ्यांखालून जातो. विज्ञानाच्या पुस्तकातलं ‘प्लावक बल’, व्याकरणातला ‘प्लुत’ स्वर (तीन मात्रांचा, उडी मारून लांब गेलेला), ‘विप्लव’, ‘जलप्लावन’, सगळे याच कुळातले. पंचांगात साठ संवत्सरांमध्ये ‘प्लव’ येतो तोही. शके 1943च्या पाडव्याला ज्यांनी संकल्पात ‘प्लवनाम संवत्सरे’ म्हटलं, त्यांनी ‘प्लुइत’च्या चुलत भावाचं नाव घेतलं.

म्हणून ‘प्लुइत’ संस्कृतातून आला असं मात्र लिहू नका. दोघांचा पूर्वज एक, इतकंच.

८. मग ‘फ्लुओ’ (वाहतो) आणि ‘फ्लुविउस’ (नदी) हेही याच धातूचे असणार?

नाहीत. दिसायला सारखे, अर्थही शेजारचा, आणि तरी मूळ वेगळं. गंमत पुढे आहे. इंग्रजी ‘फ्लो’ हा लॅटिन ‘फ्लुओ’चा नातलग वाटतो, पण तो आहे ‘प्लुओ’चा. जर्मानिक भाषांत मूळ ‘प’चा ‘फ’ होतो (संस्कृत ‘पितृ’, इंग्रजी ‘फादर’), त्याच नियमानं ‘प्लु’चा ‘फ्लो’ झाला. वाहणं इंग्रजीनं सांभाळलं, पाऊस लॅटिननं.

९. हवामानाची अशी आणखी क्रियापदं कोणती?

‘निंगित’ (हिमवर्षाव होतो), ‘ग्रांदिनात’ (गारा पडतात), ‘रोरात’ (दव पडतं), ‘तोनात’ (गडगडतं), ‘फुल्गुरात’ (वीज चमकते), ‘फुल्मिनात’ (वीज कोसळते). शेवटच्या दोघांत गल्लत नको, पहिल्यात उजेड, दुसऱ्यात नुकसान. ‘लूकेस्कित’ (उजाडतं) आणि ‘वेस्पेरास्कित’ (सांजावतं) यांच्या पोटातला ‘स्क’ ‘व्हायला लागलंय’ असा अर्थ देतो. यांतला ‘तोनात’ संस्कृत ‘स्तनयति’चा (गर्जतो) आणि इंग्रजी ‘थंडर’चा सख्खा.

१०. रोमन लोकांना पाऊस कोण पाडतो असं वाटत होतं? व्याकरणात कर्ता नाही, पण मनात असेलच की.

मनात जुपिटर होता, आणि अधूनमधून वाक्यातही येई. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो शकुनशास्त्रातला एक नियम उद्धृत करतो: ‘योवे तोनांते, फुल्गुरांते, कोमितिआ पोपुली हाबेरे नेफास’. जुपिटर गडगडत आणि चमकत असताना लोकांची मतदानाची सभा भरवणं निषिद्ध. इथे कर्ता नावानिशी हजर आहे. मतदान लांबवायचं असेल तर हा नियम फार सोयीचा पडे. कवी तिबुल्लुस इजिप्तबद्दल लिहितो की तिथे नाईल असल्यामुळे सुकलेलं गवत पावसाच्या जुपिटरची विनवणी करत नाही.

सगळ्यात जिवंत उतारा पेत्रोनिउसच्या ‘सातिरिकॉन’ या कादंबरीत आहे. मेजवानीला बसलेला एक पाहुणा महागाईवरून कुरकुरतो आणि जुने दिवस काढतो. तेव्हा घरंदाज बायका अनवाणी, केस मोकळे सोडून, शुद्ध मनानं टेकडी चढायच्या आणि जुपिटरकडे पाणी मागायच्या. लगेच ‘उर्केआतिम प्लोवेबात’, घागरी ओताव्यात तसा पाऊस पडायचा, आणि सगळे घरी परतायचे ते उंदरांसारखे ओलेचिंब. पाऊस जुपिटरकडून मागितला, पण ‘प्लोवेबात’ला कर्ता नाहीच! शिवाय रूप ‘प्लुएबात’ नसून ‘प्लोवेबात’ आहे. हा लेखनिकाचा हलगर्जीपणा नव्हे, त्या पाहुण्याची बोली आहे. तिचं पुढे काय झालं ते प्रश्न १४ मध्ये.

११. लिवीमध्ये ‘दगडांचा पाऊस’ वाचला. दगड इथे कर्ता, कर्म की आणखी काही?

या प्रश्नावर थोडं थांबायला हवं. इतिहासकार लिवी राजा तुल्लुस होस्तिलिउसच्या काळातली गोष्ट सांगतो. राजाला खबर येते, ‘इन मोंते अल्बानो लापिदिबुस प्लूविस्से’, अल्बा पर्वतावर दगडांचा पाऊस पडला. विश्वास बसेना म्हणून माणसं पाठवली, तर त्यांच्यासमोरही दगड पडले. मग नऊ दिवसांचा धार्मिक विधी झाला, आणि अशी खबर आली की नऊ दिवस पाळायचे असा प्रघातच पडला.

‘लापिदिबुस’ ही पंचमी आहे, पण लॅटिनची पंचमी आपल्या तृतीयेचंही काम करते. म्हणजे शब्दशः ‘दगडांनी पावसलं’. दगड कर्ता नाहीत, कर्मही नाहीत, पाऊस कशाचा ते सांगणारं साधन आहेत. नेहमीची रचना हीच: दगडांनी, रक्तानं, दुधानं.

दुसरी रचना द्वितीयेची. यासाठी सिसेरोचं वाक्य देतात: ‘सांगुइनेम प्लुइस्से सेनातुई नुंतिआतुम एस्त’, रक्ताचा पाऊस पडल्याचं सेनेटला कळवण्यात आलं. ‘सांगुइनेम’ ही द्वितीया, म्हणून रक्त हे कर्म, असं पुष्कळ टिपणांत लिहिलेलं असतं. माझ्या मते या एका वाक्यावरून तसं म्हणता येत नाही. ‘असं कळलं की’ या अर्थाच्या लॅटिन वाक्यात धातुरूपाचा कर्तासुद्धा द्वितीयेतच जातो. तेव्हा ‘सांगुइनेम’ इथे कर्ता असू शकतो (रक्त पावसासारखं पडलं) किंवा कर्म (रक्ताचा वर्षाव झाला), आणि विभक्ती दोन्हीकडे तीच. त्याच वाक्यात पुढे आत्रातुस नदी रक्तानं वाहिल्याचं आहे आणि तिथली द्वितीया नक्की कर्त्याची आहे, त्यामुळे माझा कल कर्त्याकडे. द्वितीयेचं निःसंशय कर्म हवं असेल तर पुढचा प्रश्न पाहा.

जाता जाता: सिसेरोचा स्वतःचा या बातम्यांवर काडीचा विश्वास नव्हता. मातीतून काही मिसळलं की पाणी रक्तासारखं दिसू शकतं, असं तो तिथेच सांगतो. लिवी इसवीसनपूर्व 461 मध्ये मांसाचा पाऊस पडल्याचं नोंदवतो. पक्ष्यांनी ते वरच्या वर पळवलं आणि जे खाली पडलं त्याला कित्येक दिवस वास आला नाही म्हणे. त्याच वर्षी एक गाय बोलली. आदल्या वर्षी कुणाला पटलं नव्हतं, यंदा पटलं.

१२. बायबलच्या लॅटिन भाषांतरात ‘प्लुआम’ आहे. हे तर ‘मी पाडीन’ झालं!

हो. चौथ्या शतकाच्या अखेरीस आणि पाचव्याच्या सुरुवातीला हिएरोनिमुसनं (इंग्रजीत जेरोम) केलेल्या भाषांतरात देव नोहाला सांगतो, ‘एगो प्लुआम सुपेर तेर्राम’, मी चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पृथ्वीवर पाऊस पाडीन. अरण्यात इस्राएली लोकांसाठी तो आकाशातून भाकरी ‘प्लुआम’ म्हणतो, आणि सदोमवर गंधक आणि आग ‘प्लुइत’. भाकरी, गंधक, आग ही सगळी द्वितीयेत, कर्ता स्पष्ट प्रथमेत. भावकर्तृक क्रियापद इथे चक्क सकर्मक झालं. हिब्रूत पाऊस पाडणारा देव वाक्यात कर्ता म्हणून येतो, लॅटिनला ती रचना पेलावी लागली आणि तिनं पेलली.

गोव्यातून येणारा प्रश्नही याच घरातला. आगमनकाळातलं ‘रोराते चेली देसुपेर, एत नुबेस प्लुआंत युस्तुम’ हे गीत चर्चची उपासना लॅटिनमध्ये होती त्या काळातल्या मंडळींच्या कानात अजून असतं. ‘आकाशांनो, वरून दव पाडा, ढगांनी न्यायीजनाचा वर्षाव करावा.’ वचन यशयाच्या पुस्तकातलं. ‘रोराते’ ही अनेकवचनी आज्ञा आणि ‘प्लुआंत’ हेही अनेकवचन. (इथले उच्चार चर्चच्या पद्धतीचे दिले आहेत.)

१३. धर्मग्रंथाबाहेर, साध्या लेखनात अनेकवचन किंवा कर्ता कधी येतो का?

येतो, कवितेत. व्हर्जिल मधमाश्यांच्या लढाईचं वर्णन करताना मेलेल्या माश्या कशा गळतात ते सांगतो: हलवलेल्या ओक वृक्षावरून इतकी फळं ‘प्लुइत’ होत नाहीत. इथे खरा पाऊस नाहीच, टपटप पडणं एवढाच अर्थ उरलाय. कवी लुक्रेतिउसनं ‘निंगित’चं असंच केलं. देवीच्या मिरवणुकीत लोक ‘निंगुंत’, म्हणजे गुलाबाच्या फुलांनी ‘हिमवर्षाव करतात’. ‘टाळ्यांचा पाऊस’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको.

१४. आजच्या भाषांत ‘प्लुइत’चं काय उरलं?

जवळजवळ सगळं, फक्त वंश चालला तो बोलीतल्या ‘प्लोवेरे’चा (प्रश्न १०मधला कुरकुऱ्या पाहुणा). इटालियन ‘प्योवे’, फ्रेंच ‘इल प्लो’, रोमानियन ‘प्लोउअ’, स्पॅनिश ‘युएवे’, पोर्तुगीज ‘शोव्ह’. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये सुरुवातीचा ‘प्ल’ इतका घासला की ओळखू येत नाही. गोव्यातल्या पोर्तुगीज बोलणाऱ्या घरांमधला ‘शूवा’ म्हणजे पाऊस हा थेट ‘प्लुविआ’ आहे. कर्ता बसवण्याची सक्ती यांत फक्त फ्रेंचला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या पंचांगात, 1793 पासून, जानेवारी-फेब्रुवारीतल्या महिन्याचं नाव ‘प्लुव्हियोझ’, पावसाळी महिना.

१५. ‘इंप्लुविउम’ म्हणजे काय? पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या फोटोंखाली वाचलं.

रोमन घरातल्या मधल्या दालनाचं छप्पर मध्ये उघडं असे, त्या उघड्या जागेला ‘कोंप्लुविउम’, आणि तिच्याखाली जमिनीत पाणी झेलणाऱ्या उथळ हौदाला ‘इंप्लुविउम’. आपल्या वाड्याच्या चौकासारखीच व्यवस्था. उतरती छपरं पाणी आत आणतात आणि ते खालच्या टाक्यात साठतं.

१६. ‘पाऊस पडायला लागला’, ‘पाऊस पडू शकतो’ कसं म्हणायचं? आणि ‘मला वाटतं पाऊस पडेल’?

‘प्लुएरे’ला सहाय्यक क्रियापद लावा आणि तेही तृतीय पुरुषी एकवचनात ठेवा: ‘प्लुएरे केपित’ (पडायला लागला), ‘प्लुएरे पोतेस्त’ (पडू शकतो). भावकर्तृकाच्या संगतीत सहाय्यकाचाही कर्ता जातो. परोक्ष वाक्यात (‘असं कळलं की’, ‘असं वाटतं की’) धातुरूपाला कर्ता द्यायची गरज नाही, प्रश्न ११ मधलं लिवीचं ‘प्लूविस्से’ पाहा, दगड होते पण कर्ता नव्हता. बोलताना मात्र ‘क्रेदो’ (वाटतं) नुसतं मध्ये टाकून देत. प्लाउतुसच्या ‘कुर्कुलिओ’त एक दारूबाज म्हातारी घटाघटा पिते, तेव्हा नोकर म्हणतो, ‘एक्के आउतेम बिबित आर्कुस. प्लुएत, क्रेदो, हेर्कले होदिए.’ बघा, इंद्रधनुष्य पाणी पितंय, आज पाऊस पडणार वाटतं. इंद्रधनुष्य खालचं पाणी ओढून घेतं ही रोमन समजूत, आणि म्हातारी कमानीसारखी वाकलेली.

१७. शेवटचं, परीक्षेत अडलेलं: ‘प्लुइत’चा कर्मणी प्रयोग होतो का?

अभिजात गद्यात तो अपेक्षू नका. पण दोन ठिकाणं माहीत असू द्या. दुसऱ्या शतकातला आपुलेइउस गरुडाच्या भरारीचं वर्णन करताना ‘जिथे पाऊस पडतो आणि बर्फ पडतं’ त्या पट्ट्याबद्दल ‘प्लुइतुर’ आणि ‘निंगितुर’ लिहितो. रूप कर्मणी, कर्ता तरीही नाही, म्हणजे आपला भावे प्रयोग. दुसरं ठिकाण आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाचं लॅटिन भाषांतर. देव म्हणतो, एका गावावर मी पाऊस पाडला, दुसऱ्यावर नाही, आणि पुढे ‘पार्स ऊना कोंप्लुता एस्त’, एका भागावर पाऊस झाला. इथे ‘भाग’ हा प्रथमेतला कर्ता आणि क्रियापद त्याच्या लिंगाप्रमाणे स्त्रीलिंगी. उपसर्ग लागल्यामुळे हे शक्य झालं. साध्या ‘प्लुइत’चं असं रूप करून उत्तरपत्रिकेत लिहिलंत तर गुण जातील.